थाळीखालचं नाव

पेणच्या संग्रहालयाचं पत्र येऊन वर्ष उलटलं, तरी बाबाजींनी उत्तर धाडलं नव्हतं. विचारलेलं थोडकंच होतं. तुम्ही दिलेली मिनाकामाची थाळी आम्ही मांडली आहे. ती घडवणारे तुमचे मित्र शिवा, राहणार गडब, हयात आहेत का? की नावाआधी 'कै.' लिहायचं? त्यांची बायको दर सोमवारी थाळीपाशी येऊन बसते आणि हेच आम्हाला विचारते.

१९९४च्या माघात एका सोमवारी, ते काम करत त्या रोह्याच्या वाचनालयाला सुट्टी होती तेव्हा, बाबाजी एसटीत बसले. काय सांगायचं ते मनात घोळवत होते. गडबला गाडी थांबली, पण त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही.

संग्रहालय म्हणजे शाळेमागच्या दोन खोल्या. काचेआड थाळी होती. निळ्या मिन्यावर पांढरे बगळे, काठाने खाडीचं पाणी. समोर बाकावर शिवाची बायको ठमाबाई आणि त्यांची मुलगी नमिता. शिपायाने सांगितलं, हेच ते थाळी देणारे. ठमाबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेले. त्यांनी आवाजाच्या रोखाने हात जोडले.

नमिता कुरकुरत होती. घरात खारं पाणी शिरतं, तरी आई हलत नाही. पनवेलला येत नाही, ऑपरेशन करून घेत नाही. नवरा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, एवढंच म्हणते.

"मी झोळीत व्हते तवा गेला," नमिता म्हणाली. "बापाचं तोंड ठावं नाय, पन त्याची वाट बघून म्हातारी व्हायची पाळी आली."

"भाऊ," ठमाबाई म्हणाल्या, "तुमी त्याच्यासंग मिन्याच्या भट्टीवर व्हता. जिता हाय म्हणा, मी दारात बसते. मेला म्हणा, कुकू पुसते नि पोरीसंग जाते. मधी टांगून ठेवू नका."

बाबाजींनी अगदी हळू विचारलं, "आणि तो आलाच तर?"

"येल नि परत जाईल. दुसऱ्यांदा नाय सोसायचं मला."

तसं होणार नाही, असं बाबाजींना खात्रीने म्हणता आलं नाही. उत्तर लेखी पाठवतो, एवढं पुटपुटून ते उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली. शिवा वारला, 'कै.' लिहावे. मग कुंडलिका नदीवर जाऊन त्यांनी मेलेल्याच्या नावाने करतात तशी स्वतःच्याच नावाने आंघोळ केली आणि ओल्या धोतरानेच कार्ड टपालपेटीत टाकलं.