बॅच २००१ : कोण कुठे

महेश. सातपूरला स्वतःचं वर्कशॉप. मुलीला फिजिओथेरपीला प्रवेश.

भाग्यश्री. इगतपुरीला रेल्वेत. गुडघा बदलला. आता जिना चढते.

सार्थक. दुसरं लग्न केलं. चिडवू नये, ही विनंती.

कारभारी. मखमलाबादला शेवंती आणि गुलाब. मेळाव्याचे हार त्याच्याकडून.

तृप्ती. विशेष काही नाही.

प्रतिभा. बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली. सध्या प्राध्यापक. रविवारी सत्कार.

स्नेहमेळाव्याच्या पुस्तिकेतली ही शेवटची ओळ प्रतिभाने तीनदा खोडली होती. तृप्तीने तीनदा परत टाईप केली.

"कारभारीकडे जाऊन येऊ," प्रतिभा म्हणाली.

"फुलं तो पाठवतोय की."

"तरी."

तृप्तीने स्कूटर काढली. कॉलेजपासून हे असंच होतं. जायचं प्रतिभाला, गाडी तृप्तीची.

कारभारी शेडमध्ये गुलाबाच्या दांड्या कापत होता.

"या मॅडम. हाराला गळ्याचं माप द्यायला आल्या का?"

"मोठाच कर," तृप्ती म्हणाली. "लहान हिला शोभायचा नाही." आणि ती कारभारीच्या बायकोला, उज्वलाला, शोधत पॉलिहाऊसकडे गेली.

प्रतिभा उभीच राहिली.

"कारभारी, तो हार तुझा आहे."

"माझा? आन तो कशापायी?"

"रसायनशास्त्राचा दुसरा पेपर आठवतो? सर उत्तरपत्रिका गोळा करत पुढे गेले. त्यांच्या गठ्ठ्यातून एक पुरवणी निसटली. दोरा नीट बांधलेला नसणार. माझ्या बाकाखाली पडली." ती थांबली. "मी तिच्यावर पाय ठेवला."

कात्री थांबली.

"तू शेजारच्या रांगेत होतास. पहिला तूच येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी ती पर्समध्ये कोंबली. तिच्यावरचा सीट नंबरसुद्धा वाचला नाही. घरी जाताना पुलावरून नदीत टाकली. निकालात तू जेमतेम पास होतास."

कारभारीने कात्री खाली ठेवली. मग तो हळू हसला.

"म्हणून दर दिवाळीला फराळाचा डबा येतो व्हय? उज्वलाला लय वर्षं वाटायचं, तुझं माझ्यावर कायतरी हाय."

"हसू नकोस. तुझं आयुष्य घालवलं मी."

"माझं?" त्याने शेडभर नजर फिरवली. "अगं, मी पुरवणी घेतलीच नाय. नंबर आला असता तर आप्पांनी पुण्याला पाठवलं असतं. मला रान सोडायचं नव्हतं. पास होण्यापुरतं लिहिलं आन तीन तास पंखा बघत बसलो. तुला दिसलो नाय?"

"मान खाली होती माझी."

"आप्पा जाईस्तोवर सांगितलं नाय मी त्यांना. पेपर अवघड होता म्हटलं." त्याने पुन्हा दांडी उचलली. "माझं ओझं मी वाहतो. तुझं मात्र इथं ठेव आन जा. रविवारी मीच घालतो हार."

प्रतिभाला रडू आलं. कारभारीने तिला गळ्यातला रुमाल दिला. तो मातीने मळलेला होता. तिने तो घेतला.

परतताना ती स्कूटरवर सारखी बोलत होती. पंचवीस वर्षं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आता द्वारका चौकातल्या सिग्नलला, रिक्षा आणि ट्रकच्या गोंगाटात, तिने सगळं तृप्तीच्या कानाशी सांगितलं. पुरवणी, पाय, पर्स, पूल. आणि तिचा अंदाज कसा साफ चुकला तेही.

"पंचवीस वर्षं उगाच जळत बसले गं. कोणाची होती, देव जाणे. असेल कोरीच."

तृप्तीने मान वळवली नाही.

"कुठला पेपर म्हणालीस?"

"रसायन. दुसरा."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजायला लागले. तृप्तीच्या हातात ॲक्सिलरेटर होता, पण गाडी जागची हलली नाही.

"तृप्ती? अगं, चल."

त्या पेपरला प्रतिभाच्या मागच्या बाकावर तृप्ती बसली होती. ती चार मार्कांनी नापास झाली, आणि निकालानंतर बाराव्या दिवशी घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं.