पाण्यातली लेक

तळ्याकाठच्या चित्रशिबिरात आले आणि माझा आटलेला हात पुन्हा झऱ्यासारखा वाहू लागला.

समोरच्या खडकावर लेक बसली होती. माझी रीत उलटी: आधी पाण्यातलं प्रतिबिंब रंगवायचं, मग काठावरचं माणूस.

"आई, मान अवघडली गं! म्हातारी होईपर्यंत बसवणार का?"

"डोळे तेवढे राहिलेत, बयो. हलू नकोस."

डोळे काढताना माझा कुंचला थबकला. खडकावरची लेक झाडांकडे बघत होती. पाण्यातली टक लावून माझ्याकडे बघत होती.

वारा पडला होता. पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती.

"पुरे झालं," मी कसंबसं म्हटलं, "ऊठ बाळा, इकडे ये माझ्याजवळ."

"आले गं," म्हणत पाण्यातली उठली.

खडकावरची तशीच बसून होती, पापणीही न हलवता.