काशीचा गडू

भर मे महिन्यात मिठबावहून आजारी आबांना जामसंड्याच्या दवाखान्यात नेताना, उजाड कातळाच्या सड्यावर भाड्याच्या मोटारीचं इंजिन तापलं. रेडिएटर कोरडा पडला होता.

"पाणी व्हया, काकी. हंय खंय गावतला?" ड्रायव्हर दाजी म्हणाला.

गोदूबाईंच्या मांडीवर काशीहून आणलेला गंगेच्या पाण्याचा मोठा सीलबंद गडू होता. वेळ आलीच तर नवऱ्याच्या तोंडात दोन थेंब घालायला घेतलेला. तो त्यांनी पुढे केला.

"ओत. दवाखान्यात पोचलव तर ह्येची गरजच लागाची नाय."

इंजिन निवल्यावर दाजीने सगळं पाणी ओतलं. गाडी सुरू झाली. जामसंडे दिसू लागलं, तेव्हा आबांना घरघर लागली.



दाजीने न विचारता गाडी थांबवली, रेडिएटरची खालची तोटी सोडली, आणि गोदूबाईंनी तिच्याखाली रिकामा गडू धरला.