दिवा लागतो आणि विझतो

"शनिवारी ही गाडी घाटापलीकडे माझ्या आवारात उभी पाहिजे," दलाल म्हणाला. "आणि मिस्त्री, तो एअरबॅगचा लाल दिवा तेवढा विझवा."

मिस्त्रींनी मान हलवली. गाडी समोरून ठोकलेली होती. बाहेरून सगळं नवंकोरं केलं होतं, पण स्टिअरिंगमधली एअरबॅग धडकेतच फुटून गेली होती. नवी बसवायची तर दलालाचा नफा गेला चुलीत. म्हणून मिस्त्रींनी नेहमीचं काम केलं. वर नुसतं झाकण, ते दबू नये म्हणून आत चिंध्या, आणि वायरीत दिव्याला फसवणारा एक चिमुकला तुकडा. चावी फिरवली की दिवा लागतो आणि शहाण्यासारखा विझतो. गिऱ्हाईक खूश.

"आमच्या काळी कुठे होत्या एअरबॅगा?" ते हसत म्हणायचे. "मेलो का आम्ही?"

त्यांची स्वतःची जुनी गाडी तशीच. ना पट्टा, ना पिशवी, पण पत्रा कसा दणकट! पिवळा ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली लेक त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची आणि हॉर्न वाजवून अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची. लग्न झाल्यावर गाडीही तिच्याबरोबर घाटापलीकडे सासरी गेली. आता ती त्याच गाडीने कामाला जायची.

आज बायकोने चिंध्यांसाठी जे गाठोडं दिलं, त्यात नेमका तो फ्रॉक निघाला होता. बाकीच्या चिंध्या तेलकट होत्या. मिस्त्रींना जरा चुटपुट लागली, पण दलाल डोक्यावर उभा. दोन्ही हातांनी फ्रॉक चुरगाळून त्यांनी झाकणाआड कोंबला आणि काम संपवलं.

गुरुवारी क्रेनवाल्याने एक चेंदामेंदा झालेली गाडी दारात आणून टाकली. मिस्त्रींच्या हातातला पाना गळून पडला. तीच जुनी गाडी. तोच रंग. स्टिअरिंगचा दांडा आत घुसून थेट सीटच्या पाठीला टेकला होता.

"बाई चालवत होती," क्रेनवाला हळू आवाजात म्हणाला.

मिस्त्री धडपडत मागे गेले आणि नंबर वाचला. नंबर दुसराच होता. मग ते तिथेच धुळीत बसले. त्या दांड्याकडे बघवेना आणि नजरही हटेना.

त्यांनी लेकीला फोन लावला. "उद्यापासून त्या गाडीला हात लावायचा नाही! बसने जा."

"अहो बाबा, तुमची लाडकी ना ती?"

"खड्ड्यात गेली लाडकी! पट्टा आणि एअरबॅगवाली गाडी घ्यायची आता. रविवारी मी येतो, बघतो. माझ्याशिवाय कुठलीही घ्यायची नाही, कळलं?"

"कळलं हो. किती घाबरताय!"

घाबरले होतेच. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. डोळे मिटले की तो दांडा दिसायचा.

"पण तुम्हीच तर म्हणायचात, मेलो का आम्ही," बायकोने चिडवलं.

रविवारी सकाळी ते बूट घालत असतानाच फोन वाजला.

"बाबा, निघू नका! आम्हीच येतोय. घाट उतरतोय आत्ता. हे फोन धरून बसलेत."

"जुनी गाडी घेऊन?"

"छे! नवी. म्हणजे सेकंडहँड, पण झकास आहे. काल घेतली. तुम्ही एवढे घाबरलात, म्हटलं बाबांना चकित करू."

मिस्त्रींनी हातातला बूट टाकला. "मी सांगितलं होतं ना, माझ्याशिवाय..."

"अहो, मिस्त्रींची लेक आहे मी! पट्टे ओढून बघितले. एअरबॅगचा दिवासुद्धा बघितला. लागतो आणि विझतो."

तो सगळ्याच गाड्यांचा विझतो, त्यांनी स्वतःला बजावलं. चांगल्या गाड्यांचाही विझतो.

"सावकाश चालव," ते कसंबसं म्हणाले. "वळणं वाईट आहेत."

"हो हो. आणि बाबा, एक छोटंसं काम आहे तुमच्याकडे," लेक हसली. "स्टिअरिंगचं झाकण नीट बसलेलं नाही. फटीतून कापड डोकावतंय. पिवळं, ठिपक्यांचं."