कारोव्का

“ताई, रशियात हेडसरांलेबी लाडानं हाक मारता येते का?”

पैज शेजारी बसलेल्या मैत्रिणीची, नमराची होती, तोंड वर्षाराणीचं. कामरगावच्या शाळेत दहावी पास झालेल्या पोरींचा सत्कार चालला होता, अन् हेडसर पहिल्याच खुर्चीत बसले होते. भर वर्गात उभं राहून वर्षाराणीनं आजवर कधी काही विचारलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. उद्या बाबा तिचं नाव सायन्सला टाकणार होते, तरी ती गप्पच होती.

पाहुणी धम्मदीपा हसली. रशियनमध्ये माणसापासून वस्तूपर्यंत साऱ्यांच्या नावाला लाडाचं लहान रूप असतं, हे तीच आत्ता सांगत होती. मानोऱ्याची पोर, रशियात डॉक्टरकी शिकते, सुटीवर आलेली. “येते. पण त्यांच्या पाठीमागं.”

हेडसरही हसले.

धम्मदीपानं मग मिठाईच्या गोळ्यांचा डबा उघडला. गाय म्हणजे कारोवा. ही दुधाची गोळी कारोव्का, लाडाची गाय. खार म्हणजे बेल्का. ही दाण्यांची गोळी बेलच्का, इवलीशी खार. “अन् गोळीले म्हणते कन्फेता. करा बरं तिले लहान.”

“कन्फेत्का,” वर्षाराणी म्हणाली.

“आणखी लहान?”

“कन्फेत्काका,” नमरानं ठोकून दिलं. सारा हॉल हसला.

वर्षाराणी हसली नाही. तिनं ती खार ओठातल्या ओठात घोळवली. बेल्का, बेलच्का. मग मान वर केली. “कन्फेतच्का.”

धम्मदीपा बघतच राहिली. “हे समजाले मले अख्खा हिवाळा लागला होता वो,” म्हणाली, अन् डबाच तिच्या हातात दिला.

संध्याकाळी बाबा दुकानात खवा घोटत होते, आई पेढे वळत होती. वर्षाराणीनं एक कारोव्का मधोमध तोडली, अन् दोघांच्या तोंडात अर्धी अर्धी घातली.

बाबांनी जीभ फिरवली. “दूध झ्याक आटवलं. कोण्या हलवायाचं हाय?”

“रशियाच्या.”

गाय छापलेला कागद तिनं बोटानं सरळ केला अन् पेढ्यांच्या काचेवर चिकटवला.

“बाबा, आई, उद्या सायन्स नाही. आर्ट्सले नाव टाकून राह्यली मी. पुढं रशियन शिकणार.”

बाबांचा सराटा कढईत थांबला. “आमाले विचारलं का?”

“विचारायचं ते शाळेत विचारून आली,” वर्षाराणी म्हणाली. “आता सांगून राह्यली.”