ढोमण्यांसाठी तारीख नाही
अकोल्याच्या ढोमण्यांनी माह्या पोरीले, ज्योत्स्नाले, पोटुशी असताना घराबाहेर काढलं. मी समजवाले गेली तर मलेही फाटकातूनच परत लावलं. आता अमरावतीत माहं लग्नाचं लॉन आहे अन् बुकिंग वेबसाइटवर होते. ते माही सून पौर्णिमा पाहते. ती म्हणाली, "आई, येणारी प्रत्येक विनंती आधी मिडलवेअरमधून जाते. तिथं नियम लावला की नको तो माणूस तारखांपर्यंत पोचतच नाही." मी म्हटलं, "मंग लाव. आडनाव ढोमणे दिसलं की बाहेरूनच हाकल." त्यांच्या भावकीतलं लग्न माघारी गेलं की पौर्णिमा वाचून दाखवे अन् माहा चहा गोड लागे. काल ज्योत्स्नाचा फोन आला. "आई, संध्याच्या लग्नासाठी फॉर्म भरून राहिली, तर तारीख नाही म्हणते. नातीलेच जागा नाही काय?" पौर्णिमानं लॅपटॉप उघडला अन् हळूच म्हणाली, "संध्या बापाचंच आडनाव लावते न. नियम काढू काय?" "काहून काढतं? राहू दे तसाच. पोरगी माह्या मांडीवर वाढली. ढोमण्यांनी तिले एक झबलं नाही धाडलं. तिच्या नावापुढं आपलं आडनाव लिही अन् पुन्हा पाठव." तिनं पाठवलं. या खेपेले विनंती सरकन आत गेली, तारीखही मिळाली. "आता लग्नपत्रिकेवरही असंच छापाले सांग," मी म्हटलं. "अन् पहिली पत्रिका अकोल्याले धाड, तिच्या बापाच्या हातात पडली पाहिजे."