सुभेदारांच्या कानांनी

तोफखान्यातून निवृत्त झालेल्या सुभेदार हणमंत घोरपड्यांचा अपंगत्व पेन्शनचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता. या वेळी पेन्शन कचेरीतल्या डॉक्टरांनी तारांनी जोडलेल्या दोन टोपांपैकी एक त्यांच्या डोक्यावर चढवला, दुसरा त्यांच्या बायकोच्या. "शेवंताबाई, आता तुम्हाला यांच्या कानांनी ऐकू येईल."

शेवंताबाईंच्या डोक्यात बारीक, अखंड शिट्टी सुरू झाली. डॉक्टरांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. घाबरून त्यांनी "अहो!" अशी हाक मारली, तीही ऐकू आली नाही.

टोप काढताना त्यांचे डोळे भरले. "आणि मी समजत होते, तुम्ही मुद्दाम दुर्लक्ष करता!"

डॉक्टरांनी अर्ज मंजूर केला. शेवंताबाई नवऱ्याच्या पुढ्यात येऊन सावकाश म्हणाल्या, "मंजूर झालं. चला, भजी खाऊ."

सुभेदारांना पहिल्याच वेळी कळलं. "गरम असतील तरच!" ते अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.